पाऊस पडला की ठराव का विरतो?

प्रश्न : माझे गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. दोन वर्षांपूर्वी मी सरपंच झाले. गेल्या उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून दोनदाच येई, तेव्हा सगळे गाव एका विचाराने वागले आणि शेतीसाठी नवी बोअर घ्यायची नाही, असा ठराव ग्रामसभेत हात वर करून झाला. पुढे पाऊस बरा झाला. आता माझ्या सख्ख्या दिरांनीच बोअरची गाडी सांगून ठेवली आहे, दोन-तीन ठिकाणी ऊसही लागला आहे. ‘टंचाई संपली, आता ठराव कशाला?’ असे लोक विचारतात. त्यांना पुन्हा एकत्र कसे आणावे?
– एक सरपंच भगिनी

उत्तर : गाव पुन्हा एकत्र कसे आणावे, याआधी ते त्या वेळी एकत्र का आले होते, हे पाहायला हवे. टँकरपुढच्या रांगेत वीस एकरवाल्याची घागरही रिकामीच असते, त्यामुळे त्या दिवसांत एकोपा राखण्यासाठी कोणालाच काही सोडावे लागले नव्हते. विहिरींना पाणी आले, की ओढ्याकाठी जमीन असलेल्याचे हित आणि माळावर राहणाऱ्या मजुराचे हित वेगळे होते. तुमच्या ठरावाने बोअर घेऊ नये एवढेच सांगितले. वाचलेले पाणी कोणाला मिळणार, हे त्यात कोठेच नव्हते. नुसत्या मनाईला गावात राखणदार मिळत नाही. तो मिळतो वाट्याला, कारण वाटा बुडाला की ज्याचा बुडाला तो उठून बोलतो.

तुमच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यात हे घडून गेले आहे. १९७२ च्या दुष्काळात तेथील कामांवर राबणारी माणसे पाहून पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची माळरान जमीन कराराने घेतली आणि बांधबंदिस्ती व पाझर तलाव करून, थोड्या पाण्यावर काय पिकते, हे आधी स्वतः करून पाहिले. पाणी पंचायतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनी गटाने मिळून चालवायच्या पाणीयोजनांचे, नियम त्यानंतर आले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराचे आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे द्यायचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा होता, आणि तो घेऊन त्याला दुसऱ्याची जमीन वाट्याने करता येई. माझ्या मते या सगळ्यात हाच नियम सर्वांत धूर्त होता (धूर्त हा शब्द येथे कौतुकाने वापरला आहे). ज्याच्याजवळ जमीनच नाही, असा माणूसही त्यामुळे वाटपावर डोळा ठेवून राहिला. यांपैकी अनेक योजना पुढे टिकल्या नाहीत, हेही सांगायला हवे. तरी दुष्काळात सुचलेला विचार त्यांनी बरी वर्षे येण्यापूर्वीच हिशेबात बसवला होता, हे त्यांचे मोठेपण उरतेच.

हिवरे बाजारचे उदाहरण तुम्ही ऐकून असाल, म्हणून थोडक्यात सांगतो. तेथे शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम पावसाळ्यानंतरच्या पाण्याच्या ताळेबंदाला बांधलेला आहे. पाऊस किती झाला आणि विहिरींत पाणी किती आहे हे मोजायचे, माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची, असा तो क्रम आहे. त्यामुळे ‘टंचाई संपली का?’ हा प्रश्न वादाचा राहत नाही, आकडा समोर असतो. तुमच्या गावात निदान पाच-सहा विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून पंचायतीच्या फळ्यावर लिहायला लागा. त्याला निधी लागत नाही, दोरी आणि खडू लागतो.

ठराव नव्याने घ्या, आणि आधी महिला सभेत घ्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच, पण बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. पहाटे चारला हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बाया त्या सभेत बसल्या, तर ‘आता कशाला?’ हा प्रश्न तेथे कोणी विचारणार नाही.

राहिले तुमचे दीर. तुम्ही त्यांना घरात समजावले आणि ते थांबले, तर गाव म्हणेल की सरपंचांच्या घरचे मिटले. थांबले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी आणखी चार गाड्या येतील. म्हणून विषय सभेतच येऊ द्या, नाते इतिवृत्तात नोंदवा आणि त्या चर्चेपुरते अध्यक्षपद उपसरपंचांकडे सोपवा. त्यांच्या बोअरची जागा गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किती अंतरावर आहे, हेही मोजून घ्या; सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यापासूनच निर्बंध आहेत. सणासुदीला घरात अबोला राहील. तो टाळण्याचा उपाय मला सुचत नाही.

प्रश्न : आमच्या गावाने चराईबंदी केली आहे. एक कुटुंब ती सतत मोडते. त्यांना वाळीत टाकावे, असा विचार गावात चालू आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नाही. गावाचा निर्णय म्हणून सुरू झालेला बहिष्कार प्रत्यक्षात भावकी आणि जात यांच्यामार्फतच पाळला जातो, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या राज्याच्या २०१६ च्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचे दळण आणि किराणा तुम्ही तोडलात, तो तुमचा माळ राखील कशाला? त्या कुटुंबाच्या शेळ्या किती आणि स्वतःचा चारा किती, हे कोणी विचारले आहे का? चराईबंदी करताना गवत कापून नेण्याची मुभा बहुधा ठेवतात. ती तुमच्या ठरावात आहे का, आणि कापायला त्या घरात माणूस आहे का, एवढे आधी पाहून या.