दहावीनंतर अकरावी सायन्स की डिप्लोमा?

दहावीला ७८ टक्के, यंत्रं उघडून बघायची आवड आणि घरचे म्हणतात ‘आधी बारावी कर’. अशा वेळी मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमाच सुचवेन.

घरच्यांना वर्षं वाया जातील अशी भीती असते. ती हिशोब मांडूनच घालवा. अकरावी-बारावीची २ आणि इंजिनिअरिंगची ४, एकूण ६ वर्षं. डिप्लोमा ३ वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे पुढची ३. एकूण तितकीच. शिवाय मधेच घरची परिस्थिती बिघडली, तर डिप्लोमावर नोकरी शोधता येते. नुसत्या बारावी सायन्सवर ते फार अवघड जातं. डिप्लोमाचा प्रवेशही दहावीच्या गुणांवर, सीईटी (प्रवेश परीक्षा) नाही.

एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्या. पदवीच्या दुसऱ्या वर्षात गणित जड जातं, कारण बारावी करून आलेल्यांचा सराव जास्त झालेला असतो. म्हणून डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून गणित सोडू नका. आणि मनात कुठेतरी डॉक्टर व्हायचं असेल, तर जीवशास्त्र घेऊन अकरावीच करा. मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेसाठी बारावी लागतेच.

फॉर्म भरण्याआधी जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात (पॉलिटेक्निकमध्ये) जाऊन वर्कशॉप बघून या, आईवडिलांनाही सोबत न्या.