शंभर वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरून काढायचं?

प्रश्न : ताई, यंदा दोन महिने मुलाकडे अमेरिकेत मिनियापोलिसला होतो. एका शनिवारी त्याने डुलुथला नेलं, लेक सुपिरिअर बघितला, तो वर उचलला जाणारा पूल बघितला, मजा आली. निघताना सून म्हणाली पाच मिनिटं थांबूया, आणि एका साध्याच चौकात गाडी लावली. तिथे भिंतीतून पुढे आल्यासारखे तीन काळ्या तरुणांचे ब्राँझचे पुतळे. १९२० साली जमावाने तिघांना तिथेच लटकवलं म्हणे. माझा मूडच गेला. करणारे मेले, ज्यांचं झालं तेही मेले, मग शहराने स्वतःची लाज अशी चव्हाट्यावर कशाला मांडायची? आणि आपला काय संबंध? सुनेशी वाद झालाय, आता तुम्हीच निवाडा करा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, मी सुनेच्या पार्टीत, आधीच सांगून टाकते. पण चव्हाटा हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात, कारण ते घडलं होतं चव्हाट्यावरच. फर्स्ट स्ट्रीट आणि सेकंड अव्हेन्यू ईस्टचा कोपरा, भर गावात. आदल्या दिवशी सर्कस आली होती, आणि १५ जूनला बातमी पसरली की सर्कशीतल्या काळ्या कामगारांनी एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केला. डॉक्टरने तिला तपासलं, त्याला तशी काही खूण सापडली नाही, पण ऐकतंय कोण. सहा जणांना पकडून आणलं होतं. रात्री जमाव चालून आला, पोलिसांना बंदूक चालवायची नाही असा वरून हुकूम, मग ते पाण्याचे फवारे मारत बसले. इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मॅकघी. विशीच्या आसपासची पोरं हो. कोठडीतून ओढून नेली आणि दिव्याच्या खांबाला टांगली.

आता आकडा बघा. गावाची वस्ती तेव्हा लाखभर, आणि जमाव पाच ते दहा हजारांचा. म्हणजे दर दहा-वीस माणसांमागे एक जण तिथे उभा! दुसऱ्या दिवशी हेच लोक दुकानात, चर्चमध्ये, ऑफिसात. फोटो काढले, त्याची पोस्टकार्डं छापून विकली. खुनासाठी एकालाही शिक्षा नाही, तिघांना दंगलीबद्दल झाली तीही सव्वा वर्षाच्या आत संपली. अशा गावात कोण कुणाला सांगणार, की बाबा आपल्या आजोबांनी दोर धरला होता? मग गाव गप्पच बसलं, पिढ्यान् पिढ्या. त्या तिघांच्या थडग्यांवर नावाचा दगड लागायला १९९१ उजाडलं.

तुम्ही बघितलंत ते स्मारक १० ऑक्टोबर २००३ चं, म्हणजे ८३ वर्षांनी. आणि त्या दिवशी भाषण करायला कोण उभं राहिलं माहितीये? वॉरन रीड नावाचे गृहस्थ. घराण्याची माहिती शोधता शोधता यांना कळलं की आपले पणजोबा त्या जमावाच्या म्होरक्यांपैकी होते. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. करणारे मेले हे खरं, पण घरात चोरून ठेवलेली गोष्ट मरत नाही, ती कुणाच्या तरी कपाळी येतेच. कुणी म्हणेल माफीने काय होतं, मेलेले थोडेच परत येतात. नाही येत. पण मॅक्स मेसन बघा, त्याच प्रकरणात बलात्काराचा ठपका ठेवून तुरुंगात घातलेला कृष्णवर्णीय माणूस, चार वर्षं आत काढली, आणि सोडलं ते राज्यात राहायचं नाही या अटीवर. मिनेसोटाने, म्हणजे डुलुथ ज्या राज्यात आहे त्याने, त्याला जून २०२० मध्ये शिक्षामाफी दिली, मरणोत्तर, त्या राज्यातली अशी पहिलीच. सगळं झाकूनच ठेवलं असतं तर कोण कशाला ती फाईल उघडत बसलं असतं?

आणि तेव्हाही सगळेच गप्प नव्हते हां. नेली फ्रान्सिस या कृष्णवर्णीय बाईंनी मागे लागून १९२१ च्या एप्रिलमध्ये मिनेसोटात लिंचिंगविरोधी, म्हणजे जमावाने असं परस्पर ठार मारण्याविरोधी, कायदा करून घेतला. अख्ख्या देशासाठी तसा कायदा झाला २०२२ साली! एकशे एक वर्षं लागली, मला तर हसावं की रडावं कळत नाही.

राहिला आपला संबंध. वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम म्हणून गाव आहे. ४ सप्टेंबर १९०७ ला तिथल्या पाचेकशे गोऱ्यांनी लाकडाच्या मिलमधल्या हिंदुस्थानी मजुरांना खोल्यांतून बाहेर काढून मारलं आणि गावातूनच हुसकावलं. बहुतेक सगळे पंजाबी शीख, पण पेपरवाले सरसकट हिंदू म्हणायचे. २०१८ मध्ये तिथे दगडी कमान उभी राहिलीय. उद्या मुलाने तिकडे नोकरी धरली तर तुम्ही ती कमान चुकवून जाल का?

प्रश्न : ताई, मुलगी सहावीत आहे, आम्ही न्यू जर्सीत असतो. शाळेत लिंचिंगवर प्रोजेक्ट आहे. नेटवरचे ते फोटो तिला दाखवू का?
— एक आई

उत्तर : आत्ता नको. वरचंच उदाहरण घ्या, डुलुथच्या लोकांकडे तो पोस्टकार्डवाला फोटो होता, तरी स्मारकात लटकलेली माणसं दाखवली नाहीत. तिघं उभे आहेत, चांगले सात फूट उंच, आपापल्या पायांवर. तिला आधी हे दाखवा, नावं मोठ्याने वाचू द्या, मॅकघी म्हणताना जीभ अडखळेल, अडखळू दे. तो पोस्टकार्डवाला फोटो दहावीत दाखवा, आणि तेव्हा तिला मधल्या तिघांकडे नाही, बाजूच्या गर्दीकडे बघायला सांगा. फ्रेममध्ये यावं म्हणून माना पुढे काढून उभे आहेत लोक, लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले काढतात ना, तशा.