काकांचे इंजिनावर चालणारे जुने रेडिओ नियंत्रित हेलिकॉप्टर माळ्यावर सापडले आहे. इंजिन जाम आहे. ते काढून मोटर बसवावी का, आणि खर्च किती येईल?

मोटर बसवू नये. आपला प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो, कारण 'इंजिन टाकून दे आणि मोटर बसव' हे वाक्य माझे थोरले बंधू गेली पंधरा वर्षे मला ऐकवत आले आहेत.

जाम झालेले इंजिन बहुधा मेलेले नसते. त्या काळच्या इंधनात एरंडेल असे, आणि ते वाळून पिस्टनभोवती लाखेसारखा थर धरते. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा भाग) आणि कार्ब्युरेटर सोडवून इंजिन मोटारीच्या कूलंटमध्ये बुडवावे आणि मंद आचेवर दोन-तीन तास तापवावे, म्हणजे तो थर सुटतो. हे काम उघड्यावर करावे, आणि भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, कारण कूलंट विषारी असते. पान्याने जोर लावून क्रँक फिरवू पाहणारा माणूस मात्र चांगला कनेक्टिंग रॉड वाकवून बसतो.

आमचे यंत्र म्हणजे हिरोबो या जपानी कंपनीचे शटल. मामांनी ते १९८९ साली मस्कतहून सुट्या भागांच्या पेटीत आणले. वडिलांचे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ होते, त्यामुळे ज्याला गिअर आहे ते आपल्याला चालवता येणारच, अशी घरातल्या सर्वांची समजूत होती. जोडणी मी केली आणि रिसीव्हर, सर्व्हो (रेडिओच्या हुकमाने भाग हलवणारी छोटी यंत्रे) आणि शेपूट आपोआप स्थिर ठेवणारा गायरो ही विजेची बाजू दादाने सांभाळली. १९९० च्या दिवाळीच्या सुट्टीत कळंब्याच्या पुढच्या एका माळावर आम्ही ते नेले. नवख्यांनी खाली बांधायची काठ्यांची चौकटसुद्धा आम्ही बांधली नव्हती. हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर उचलले, शेपूट किंचित वळले, मी ते सावरायला अंगठ्याने रिमोटची काठी दिली, तरी वळण थांबण्याऐवजी वाढतच गेले आणि तीन गिरक्या घेऊन ते आडवे झाले. पाती जमिनीवर आपटून फुटली. एक तुकडा शेजारच्या उसात गेला, तो आजतागायत मिळालेला नाही. दादा एवढेच म्हणाला, "तुझा अंगठा जड हाय." हे वाक्य पुढे आमच्या घरात म्हणीसारखे चालले. बारशापासून लग्नापर्यंत ते मी ऐकले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मी ती पेटी पुन्हा उघडली. सांगाडा पुसताना गायरोकडे लक्ष गेले, तर त्याची नावाची पट्टी खाली होती! वायर आखूड पडते म्हणून दादाने तो दुतर्फा चिकटपट्टीने उलटा चिकटवला होता. त्या गायरोच्या आत मोटरवर फिरणारी चक्रे असत, आणि आमच्या गायरोला दिशा उलटवण्याची कळ नव्हती. असा गायरो उलटा बसवला की शेपूट जिकडे वळते तिकडेच तो त्याला आणखी ढकलतो. अंगठा जड असो वा हलका, ते यंत्र सावरणे माझ्या हातात नव्हते. मी फोटो काढून घरच्या गटावर टाकला. दादाचे उत्तर आले, "म्हणूनच म्हणतो, मोटर बसव." गायरोच्या प्रश्नाला इंजिन काढणे हे उत्तर कसे होते, हे मला अजून समजलेले नाही.

आता आपल्या यंत्राविषयी. मेन शाफ्ट, म्हणजे वरची पाती फिरवणारा दांडा, आधी तपासावा. उद्यमनगरातील एका जुन्या टर्नरने आमचा शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, तेव्हा काटा ०.३ मिमी हलला. तो प्रेसवर सरळ करून देतो म्हणाला. मी नकार दिला, कारण एकदा वाकलेला शाफ्ट सरळ दिसला तरी भरवशाचा राहत नाही. सिल्व्हर स्टीलचा नवा करून घेतला. बेअरिंगे सरसकट बदलावीत. त्यांच्या कडेवरचा आकडा सांगितला की आपल्याकडे दुकानात मिळतात. रोटर हेडमधले (पाती जिथे जोडतात तिथले) धक्के शोषणारे रबरी डँपर हमखास कडक झालेले असतात.

लाकडी पाती कितीही चांगली दिसोत, ती भिंतीवर लावावीत. १०० ग्रॅमचे पाते, त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून ३० सेंमीवर आणि मिनिटाला १६०० फेरे एवढे धरले, तरी ते पाते मुळाशी सुमारे ८५ किलो वजनाएवढ्या जोराने ओढले जाते. तीस-पस्तीस वर्षांच्या डिंकावर आणि प्लास्टिकच्या पकडीवर इतका भार टाकणे हे धाडस नव्हे, बेजबाबदारपणा आहे. जुना रेडिओसुद्धा कपाटात ठेवून २.४ गिगाहर्ट्झचा नवा घ्यावा. खर्चात सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. एकूण आकडा मी सांगत नाही, कारण तो आपले पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) कोणत्या अवस्थेत आहेत यावर ठरेल.

आणि इथे मला थोडे मागे यावे लागते. साफ केल्यावरही क्रँक फिरवताना दाब जाणवत नसेल आणि पिस्टन-लायनर मिळत नसतील, तर मोटर बसवण्यात गैर काही नाही. फक्त गिअरचे प्रमाण बदलते आणि बॅटरीच्या वजनाने तोल सरकतो, हे धरून चालावे. इंजिनच ठेवले, तर त्याच्या इंधनातले मिथेनॉल विषारी असते आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, हे घरातल्यांनाही सांगून ठेवावे. शिवाय कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आपल्याला जवळ आहे, म्हणून उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या, कुठे उडवता येते ते रंगांनी दाखवणाऱ्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते पाहावे.

उड्डाणापूर्वी यंत्र हातात धरून नाक झटकन डावीकडे वळवावे. शेपटीचा सर्व्हो नाक उजवीकडे आणण्यासाठी हलला पाहिजे. ही तपासणी दहा सेकंदांची आहे, आणि १९९० साली जोडणी माझ्याकडे असल्याने ती मीच करायला हवी होती. दादाला हे मी अद्याप सांगितलेले नाही.

काकांच्या यंत्रातला गायरो काढण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि पट्टी वर आहे की खाली, ते मला अवश्य कळवावे.