ऑनलाइन नैराश्य-कार्यक्रम : गळालेल्यांचाही हिशेब ठेवा

नैराश्य आणि चिंता यांसाठीच्या ऑनलाइन कार्यक्रमांबद्दल मुंबईतून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरे. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न (समुपदेशक, परळ) : आमचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे १२ व्हिडिओ तयार आहेत. त्यांचा क्रम कसा लावावा?

आधी कात्री लावा, क्रम नंतर. लक्ष न लागणं हे नैराश्याचं एक लक्षणच आहे. अशा माणसाला पंचवीस मिनिटं सलग बघायला लावलं तर दुसऱ्या आठवड्यात तो दिसणार नाही. सहा ते आठ आठवडे, आठवड्याला एक पाठ, आणि पाठाचे तीन ते पाच मिनिटांचे तुकडे, एवढं पुरे. जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी लिहिलेलं उत्तर फोनमध्येच राहिलं पाहिजे. मजकूर मुख्य ठेवा, व्हिडिओ ज्याला हवा त्याने बघावा.

पहिल्या पाठात आजाराची ओळख द्या, पण दुसऱ्यापासून थेट कृतीवर या. विचार तपासायला एकाग्रता लागते, ती सुरुवातीला नसते. कृतीचा तक्ता साधा ठेवा : वेळ, काय केलं, त्यातून आनंद किती (० ते १०) आणि जमल्याचं समाधान किती (० ते १०). हे दोन रकाने वेगळे हवेत, कारण भांडी घासून आनंद होत नाही, पण समाधान मिळू शकतं. ‘रोज चालायला जा’ हे काम म्हणून निकामी आहे. ‘मंगळवारी सकाळी सातला चपला घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत, पाऊस असेल तर जिन्याने दोन मजले’ हे चालतं. नाही जमलं तर लाल फुली दाखवू नका. ‘काय आडवं आलं?’ असं विचारा आणि काम निम्मं करा.

चिंतेच्या भागात भीतीची शिडी, म्हणजे सोप्या प्रसंगापासून अवघडाकडे नेणाऱ्या पायऱ्या, हवीच. गर्दीच्या लोकलमध्ये छातीत धडधडतं, माणूस पुढच्या स्टेशनावर उतरतो, लगेच बरं वाटतं. आणि ‘उतरलो म्हणून वाचलो’ हा धडा पक्का होतो. म्हणून पहिली पायरी दुपारच्या रिकाम्या गाडीत दोन स्टेशनं, आणि भीती वाढली तरी ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही. तीच पायरी भीती बरीच उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, मग पुढची. नुसत्या दीर्घ श्वसनावर भागवणारे कार्यक्रम इथेच तोकडे पडतात. कित्येकदा श्वसन हीच पळवाट होते.

प्रश्न (मानसशास्त्राची विद्यार्थिनी, मुलुंड) : पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी) आणि जीएडी-७ (चिंता मोजणारी) या प्रश्नावल्यांचं (गुण जितके जास्त तितका त्रास जास्त) भाषांतर आम्हीच करावं का?

नको. दोन्हींची मराठी रूपं उपलब्ध आहेत आणि वापरायला शुल्क नाही. शब्द बदललेत तर तुमचे गुण इतरांच्या गुणांशी ताडून पाहता येणार नाहीत. भूक कमी होणं आणि जास्त खाणं ही दोन टोकं एकाच प्रश्नात आहेत, तिथे लोक अडतात. ‘दोन्हींपैकी काहीही असलं तरी धरा’ एवढी सूचना शेजारी द्या.

मेहनत पाठांच्या भाषेवर घ्या. विचारांतल्या चुकांना ‘विचारविकृती’ म्हटलं की वाचणाऱ्याला ती शिवी वाटते. ‘विचारांच्या खोडी’ म्हणा. ‘मी नैराश्यात आहे’ असं आपल्याकडे फार थोडे बोलतात. ‘टेन्शन आहे’, ‘जीव घाबरतो’, ‘कशात मन लागत नाही’ हेच कानावर येतं. मसुदा सात-आठ जणांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘यातून काय समजलं?’ असं विचारा. ‘समजलं का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतील.

प्रश्न (संस्थेचे विश्वस्त, अंधेरी) : ६०० जणांनी नाव नोंदवलं, ९० जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. त्यांचे पीएचक्यू-९ चे गुण सरासरी १५ वरून ८ वर आले. ‘नैराश्य निम्म्याने घटलं’ असं देणगीदारांना कळवावं का?

कळवू नका. उरलेले ५१० जण कुठे आहेत? पूर्ण करणारे बहुधा तेच, ज्यांना बरं वाटू लागलं किंवा ज्यांच्याकडे सवड होती. संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्ये ऑनलाइन आरोग्य-कार्यक्रमांतल्या या गळतीवरच लिहिलं. गळती म्हणजे अपघात नव्हे, ती या माध्यमाची प्रकृतीच आहे, त्यामुळे तीही मोजायलाच हवी.

दुसरी गोष्ट. माणूस नाव नोंदवतो तो सर्वांत वाईट आठवड्यात. त्यानंतरचं माप आपोआपच थोडं बरं येतं. २००५ च्या २६ जुलैच्या प्रलयात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्या चोवीस तासांत त्याहून कमी झाला, त्याचं श्रेय कुणी छत्रीला देत नाही.

म्हणून तुलनेचा गट हवा आणि कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकून ठरायला हवं. दुसऱ्या गटाला नुसतं थांबवून ठेवणं सोपं असतं, पण ‘तुमचा नंबर येईल’ म्हटल्यावर माणूस स्वतःहून काही करायचं थांबवतो आणि तुमचा कार्यक्रम आहे त्याहून गुणकारी दिसतो. नेहमीच्या उपचारांशी तुलना करा. ब्रिटनमध्ये ६९१ रुग्णांवर तसं केलं गेलं, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. मूडजिम आणि बीटिंग द ब्लूज हे दोन नावाजलेले कार्यक्रम डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांना जोडले, तरी चार महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा विशेष फरक निघाला नाही. बहुतेकांनी कार्यक्रम धड वापरलाच नव्हता.

आता संख्या. दोन गटांतला फरक प्रमाण-विचलनाच्या (माणसामाणसांतले गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं माप) ०.३ पट असेल, तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे १७५ माणसं लागतात. तीस टक्के गळतील असं धरलं तर २५०. म्हणजे एकूण ५०० नोंदवा. पहिल्या माणसाला घेण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या उपचार-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद हवी. मुख्य माप कोणतं आणि कितव्या आठवड्याचं, हे तिथेच लिहून टाका, नंतर बदलू नका. सोडून गेलेल्यांनाही फोन करा. पीएचक्यू-९ चे फक्त नऊ प्रश्न विचारा, ‘का सोडलंत’ याची चौकशी शेवटी. फोन करणाऱ्याला समोरचा कुठल्या गटातला ते माहीत नसावं. हिशेबात प्रत्येकाला चिठ्ठीने जिथे टाकलं तिथेच धरा, एकही पाठ न उघडणाऱ्यालाही. आणि किती जणांचे गुण पाचने वा अधिक वाढले, म्हणजे किती जण बिघडले, तेही छापा.

तूर्त देणगीदारांना एवढंच लिहा : ६०० नोंदणी, १५ टक्क्यांनी पूर्ण केला, परिणाम तपासायचा आहे.

प्रश्न (सॉफ्टवेअर अभियंता, घाटकोपर) : आपोआप जाणारे संदेश पुरणार नाहीत का? माणूस परवडत नाही.

पीएचक्यू-९ चे गुण ५ ते ९ असतील तर बहुधा पुरतील. १० आणि त्यापुढे मात्र माणसाचं मार्गदर्शन असलेले कार्यक्रम अधिक उपयोगी पडतात. आणि खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. प्रत्येकाला आठवड्याला १५ मिनिटं धरली तर ३० जणांना साडेसात तास. मार्गदर्शक मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही, पण त्याच्या कामावर तज्ज्ञाची देखरेख हवी. संदेश तक्ता वाचूनच लिहिलेला असावा : ‘गुरुवारी बहिणीला फोन केलात, त्यानंतर आनंद ४ लिहिलात. त्या आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा तोच. पुन्हा कधी करता?’ ‘छान! असेच पुढे चला’ हे यंत्रही पाठवतं आणि ते लगेच ओळखू येतं.

प्रश्न (अनेकांचा) : कार्यक्रम सुरू केल्यावर गोळ्या थांबवता येतील का?

स्वतःच्या मनाने नाही. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच, हळूहळू.

प्रश्न (समाजसेविका, गोवंडी) : रात्री दोनला कुणी पीएचक्यू-९ मधल्या ‘मेलेलं बरं’ या नवव्या प्रश्नाला होकार दिला तर?

० सोडून कुठलंही उत्तर आलं की पुढच्याच पडद्यावर विचारा : आत्ता जीव द्यावासा वाटतोय का, कसा ते मनात ठरलंय का, आजची रात्र सुरक्षित राहता येईल का. उत्तर धोक्याचं असेल तर दाबताच लागेल असा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक (मोफत, चोवीस तास) आणि तातडीसाठी ११२. घरात आत्ता कोण आहे तेही विचारा, त्यांना उठवायला सांगा. विश्वासातल्या एका माणसाचा क्रमांक आणि त्याला फोन करायची परवानगी नोंदणीच्या वेळीच घेऊन ठेवा.

रात्री तुमच्याकडे कुणी बघणार नसेल तर ते प्रश्नाच्या आधी लिहा, नंतर नव्हे. जबाबदारी नको म्हणून हा प्रश्नच गाळणारे असतात, पण प्रश्न गाळल्याने धोका जात नाही. ‘तुम्ही पात्र नाही’ असं सांगून बाहेर काढणं तर त्याहून वाईट. सूचना एकाच कर्मचाऱ्याच्या ईमेलवर जाते आणि तो रजेवर असतो, ही नेहमीची चूक. महिन्यातून एकदा खोटी नोंद भरून फोन किती मिनिटांत येतो ते घड्याळ लावून पाहा. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही.

प्रश्न (गृहिणी, लालबाग) : एका खोलीत आम्ही पाच जण, फोन दोघांत एक. कुणाला कळलं तर?

हा प्रश्न कार्यक्रम बनवणाऱ्यांनीच वाचायला हवा. कुलूपबंद पडद्यावर झळकणाऱ्या संदेशात नैराश्य, उपचार, समुपदेशन यातलं काही नको. ‘आजचा पाठ तयार आहे’ एवढंच. ॲपचं नाव आणि चिन्हही तसंच साधं असावं. उघडायला फोनच्या पिनपेक्षा वेगळा पिन हवा. संदेशाची वेळ तुम्हालाच निवडता यावी, म्हणजे फोन हातात असतो ती दुपारची वेळ देता येईल. अशी सोय नसेल तर नाव नोंदवण्याआधी मदत क्रमांकावर विचारा, आणि ऐकण्याचे पाठ लेखी मिळतात का तेही. इअरफोन लावून बसलं की घरात चौकशा सुरू होतात.