जपानला जा, पण पर्सनल लोनच्या खांद्यावर बसून नको

प्रश्न : वय २९, बी.कॉम. पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, हातात ५२ हजार येतात. आई-बाबांकडेच राहते. एफडी अडीच लाख, म्युच्युअल फंडात २ लाख १० हजार, पीएफ वेगळा. सगळं ठीक आहे, पण मन रमत नाही. जपानमध्ये राहायचं चार वर्षं डोक्यात आहे, भाषा मात्र हिरागानाच्या, म्हणजे पहिल्या मुळाक्षरांच्या, पुढे गेली नाही. डिसेंबरमध्ये राजीनामा देऊन एप्रिलला टोकियोच्या भाषाशाळेत दोन वर्षांसाठी जावं का? एजंट म्हणतो १० लाखांच्या कर्जात भागेल. तेवढं पर्सनल लोन मंजूर होतंय.

उत्तर : जा, पण या एप्रिलला नको.

आधी एजंटचा हिशेब तपासू. १ येन ६० पैसे धरा. पहिल्या वर्षाची फी साधारण ८ लाख येन, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये. राहणं-खाणं काटकसरीनेही महिना १ लाख १० हजार येन, वर्षाचे ७ लाख ९२ हजार रुपये. तिकीट आणि खोलीसाठी सुरुवातीला दीड लाख. तिकडे डिपॉझिट वेगळं, आणि घरमालकाला परत न मिळणारं ‘रेइकिन’ वेगळं. दुसऱ्या वर्षाची फी ७ लाख येन धरली तर एकूण २६ लाखांच्या पुढे जातं.

आता कमाई. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे. पहिले तीन महिने भाषेअभावी काम मिळणार नाही असंच धरा. पुढे आठवड्याला २० तास मिळाले, तर महिना १ लाख येनच्या आसपास. २१ महिन्यांचे साडेबारा लाख रुपये. म्हणजे कमी पडतात पावणेचौदा लाख. तुमचे ४ लाख ६० हजार आणि कर्जाचे १० लाख, गणित जुळलं की!

फसतं ते हप्त्यात. पर्सनल लोनचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, शिक्षण संपेपर्यंत बँक थांबत नाही. १० लाख, १३ टक्के, ५ वर्षं : महिना सुमारे २२,७५०. शिकत असतानाच्या २४ महिन्यांत ५ लाख ४६ हजार. एजंटच्या कागदावर हा आकडा नसणार. सगळी बचत संपवूनही साडेचार लाखांचा खड्डा राहतो, आणि तो बाबांच्या पैशांनी भरला जातो. किंवा मुलं २८ तासांच्या वर काम करतात, ती कमाई कराच्या दाखल्यात दिसते आणि व्हिसा वाढवताना गाडी अडते. बुडालेला दोन वर्षांचा साडेबारा लाख पगार तर मी मोजलेलाच नाही.

राजीनाम्याची तारीखही चुकीची आहे. एप्रिलच्या प्रवेशाचे कागद आदल्या नोव्हेंबरच्या सुमाराला इमिग्रेशनकडे जातात आणि सीओई, म्हणजे पात्रतेचा दाखला, फेब्रुवारीअखेर येतो. तो नाकारला गेला तर डिसेंबरमध्ये सोडलेली नोकरी परत येत नाही. नाकारण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे प्रायोजकाच्या, म्हणजे खर्च उचलणाऱ्याच्या, खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम. पैसा कसा साठला ते तिथे विचारतात. कर्ज काढून खातं फुगवलं तर तेच नडतं.

आणि मन न रमण्याबद्दल. भाषाशाळेतला दिवस म्हणजे अर्धा दिवस वर्ग, मग कोनबिनीत (चोवीस तास उघड्या दुकानात) किंवा बेन्तोच्या (जेवणाच्या तयार डब्यांच्या) कारखान्यात उभ्याने शिफ्ट, रात्री कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं. ज्याला भाषेची ओढ आहे त्याला यातही मजा येते. तुम्हाला आहे का, हे चार वर्षं हिरागानावर थांबल्यामुळे मलाच काय, तुम्हालाही सांगता येणार नाही. ते पुण्यात बसून स्वस्तात कळतं.

तेव्हा नोकरी चालू ठेवून क्लास लावा. रानडे इन्स्टिट्यूटसारखे पर्याय तुमच्या गावातच आहेत. रोज दीड तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे वर्षाला साडेचारशे तासांवर. एवढ्यात एन५, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, व्हायला हरकत नाही. मराठी माणसाला वाक्यरचना सोपी जाते : ‘मी आंबा खाते’, ‘वाताशी वा मांगो ओ ताबेमास’, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी आणि ‘ओ’ हा विभक्तीच्या प्रत्ययासारखा मागे चिकटलेला. दमवते ती कांजी. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यात केंद्र आहे. दोन वर्षांत एन३चं, म्हणजे मधल्या पायरीचं, ध्येय ठेवा.

महिना २० हजारांची आरडी आजच लावा. दोन वर्षांत ४ लाख ८० हजार आणि वर व्याज. तोपर्यंत फंड मोडू नका, पीएफला हात लावू नका. मग एफडी आणि फंड धरून, क्लास, पुस्तकं, परीक्षा यांना ८० हजार आणि अडीअडचणीला दीड लाख बाजूला काढूनही साडेसात लाखांच्या आसपास हातात राहतील. एन३ असलं की शाळा एकच वर्षाची पुरते, काम पहिल्या महिन्यापासून मिळायची शक्यता वाढते आणि निव्वळ खर्च ७ लाखांवर येतो. कर्ज शून्य.

त्याआधी एक दार ठोठावून बघाच. चाकण, रांजणगाव, सुपा या पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, आणि हिशेब कळणारी जपानी बोलणारी व्यक्ती त्यांना सहज सापडत नाही. पुढे थेट जपानच्या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी तुमच्याकडे आहेच. मालक मात्र बहुधा एन२, म्हणजे एन३च्या वरची पायरी, मागेल.

एजंटने ‘सीट धरायला’ आगाऊ मागितले तर देऊ नका. सीओई नाकारल्यास कोणती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्या, आणि फी बँकेतून थेट शाळेच्या खात्यावर पाठवा.