आधी छापील पुरावा बघा

शब्दांची मुळं शोधायला आलेल्या नव्या मंडळींचं स्वागत! सुरुवातीला एवढंच सांभाळा.

शब्दाची गोष्ट जितकी झकास, तितका संशय घ्या. ‘पॉश’चंच बघा. गोष्ट अशी: इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटीत सावलीच्या बाजूची केबिन, तिकडून निघताना (‘आउट’) ‘पोर्ट’ म्हणजे डावी बाजू, घरी परतताना (‘होम’) ‘स्टारबोर्ड’ म्हणजे उजवी, म्हणून पी-ओ-एस-एच. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही! नवीन मंडळी हमखास इथेच फसतात (मीही फसलो होतो). आद्याक्षरांची व्युत्पत्ती बहुधा मागाहून चिकटवलेली असते. ‘ओके’ हा अपवाद: ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग, बॉस्टनच्या वर्तमानपत्रात, २३ मार्च १८३९ला.

दुसरं, आवाज जुळला म्हणून नातं जोडू नका. ‘ब्लायटी’ (ब्रिटनसाठीचा इंग्रजी बोलीतला शब्द) म्हणजे ‘विलायती’च, पण ते भारतातल्या गोऱ्या सैनिकांच्या तोंडून इंग्रजीत गेलं, वाट दाखवता येते.

ध्वनिबदलाचे नियम नंतर. आधी एकच शब्द धरा.