एक टक्का जास्त व्याज

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझा टॉवेलचा लहान कारखाना आहे. येथील एक सहकारी बँक ठेवीवर इतरांपेक्षा एक टक्का जास्त व्याज देते आणि कर्जही झटपट मंजूर करते. आमचे दिवाणजी म्हणतात की, अशा चढाओढीनेच बँका बुडतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दिवाणजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. जादा व्याज देणाऱ्या बँकेला ते कोठून तरी कमवावे लागते आणि त्यासाठी ती इतरांनी परत पाठवलेल्या कर्जदाराला जवळ करते. माग बंद असतात, चादरी गोदामात पडून असतात, तरीही मार्चअखेरीस नवे कर्ज देऊन जुन्याचे व्याज वळते केले की कागदोपत्री खाते नियमित दिसते. या नव्या-जुन्याला चढाओढ निमित्त ठरते. ते वेळीच पकडणे हे तपासणीचे काम असते.

अमेरिकेत १९८० मध्ये ठेवींवरील व्याजाची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवण्याचा कायदा झाला, त्याच कायद्याने ठेव विमा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारी भरपाई, ४० हजारांवरून एक लाख डॉलरवर नेला आणि १९८२ मध्ये गृहकर्ज देणाऱ्या बचत संस्थांना इतर व्यवसायांना कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. यातील अनेक संस्थांचे भांडवल आधीच संपले होते. धोक्याच्या कर्जांचा जुगार जिंकला तर नफा मालकांचा आणि हरला तर भुर्दंड विम्याचा, अशी ही सोय होती. तपासणीही सैलच राहिली. पुढे अशा हजाराहून अधिक संस्था बुडाल्या.

मात्र स्पर्धा रोखणारे नियमही निर्धोक नसतात. त्याच देशात अनेक राज्यांत बँकांना शाखा काढण्यास मनाई होती, त्यामुळे गावातले पीक गेले की गावातली बँकही जाई. १९३० ते १९३३ या काळात तेथे सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या; देशभर शाखा असलेल्या मोजक्या बँकांच्या कॅनडात एकही बुडाली नाही.

तेव्हा व्याजदराबरोबर वार्षिक अहवालातील निव्वळ थकीत कर्ज (तरतूद वजा जाता उरलेली थकबाकी) आणि भांडवल पर्याप्ततेचे प्रमाणही (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती) पाहावे. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. त्याच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून तो वाढत नाही. पतसंस्थेतील ठेवीला तर हा विमा मुळीच लागू नाही.